भरती नसलेलं पाणी

अंजनाने ट्रॅक्टर रिव्हर्सला टाकला, मान मागे वळवली आणि होडीचा ट्रेलर हळूहळू पाण्याकडे ढकलायला सुरुवात केली. दोन हात गेला नाही तोच तो डावीकडे वाकडा झाला. तिने ब्रेक दाबला.

"पुढं घी," खाली उभा असलेला तिचा नवरा सावळेराम म्हणाला. "सरळ कर आन परत ये."

"ट्रॉलीवानी नाय ह्यो. आखूड हाय, लगीच वळतो."

ती पुढे गेली, ट्रेलर ओळीत आणला आणि पुन्हा मागे आली. येडगावच्या धरणात उतरणारा तो जुना गाडीरस्ता होता. धरण झाल्यापासून तो थेट पाण्यात शिरायचा आणि तिथेच संपायचा. कार्तिकात पाणी काठोकाठ होतं. मच्छीमार सोसायटीचा जानकू जाळं बाजूला ठेवून एका दगडावर बसून हे सगळं बघत होता. होडी उतरवायची परवानगी त्यानेच सोसायटीला विचारून मिळवून दिली होती.

ऊस आणि कांद्याच्या ट्रॉल्या अंजनाने वर्षानुवर्षं मागे घेतल्या होत्या. निमगाव सावाच्या त्यांच्या शेतात ट्रॅक्टर आला तेव्हा सावळेराम मुंबईला होता. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर तो आधी खलाशी होता, पुढे सुकाणूवर बसायला लागला. गावच्या यात्रेला यायचा, दिवाळीला यायचा. आला की कपडे दोरीवर पडायचे, त्यांना खारट वास यायचा, आणि तो वास जायच्या आत तो परत गेलेला असायचा. त्यांचा मुलगा सुदर्शन चालायला लागला, शाळेत गेला, त्याचं लग्न ठरलं. प्रत्येक वेळी ती त्याला सांगायची ते घडून गेल्यानंतर.

आता तो कायमचा परत आला होता, त्याला दोन वर्षं होत आली होती. शेतात राबायचा, नाही असं नाही. पण कांद्याला पाणी देता देता मध्येच खोरं टेकवून उभा राहायचा आणि तळहात उघडा धरून वारा कुठून येतो ते बघायचा. शेजारच्या वावरातल्या बायका हसायच्या. अंजना हसायची नाही.

श्रावणात सुदर्शनच्या मोबाईलवर मांडव्याच्या लाँचवरच्या मुख्य खलाशाचा, तांडेलाचा फोन आला. घरात तीच होती म्हणून तिनेच घेतला. देवदिवाळी झाली की नवीन लाँच सुरू होणार होती, भरवशाचा माणूस हवा होता. तिने निरोप जसाच्या तसा सावळेरामला दिला. तो "बघू" म्हणाला आणि विषय सोडून दिला. त्याचं ते "बघू" तिने आठवडाभर ऐकलं. मग एका सकाळी चहा ओतताना तीच म्हणाली, "आपल्याकडं काय पाणी नाय व्हय? एवढं धरण हाय. एखादी होडी घ्या की."

लोणावळ्याकडच्या कुठल्याशा तळ्यावरची जुनी, इंजिन असलेली फायबरची होडी मिळाली, ट्रेलरसकट. ट्रॅक्टरला जोडायला नारायणगावच्या वेल्डरकडून आकडा करून घ्यावा लागला. महिनाभर सावळेराम ती घासत होता, रंगवत होता. त्या महिन्यात तो वाऱ्याकडे बघायला विसरला होता.

ट्रेलरची चाकं पाण्यात गेली. मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनाही पाणी लागलं. आता होडीत चढून उभ्या असलेल्या सावळेरामने हात वर केला तशी ती थांबली. होडीची मागची बाजू आता तरंगायला हवी होती. ती जागची हलेना. त्याने वल्ह्याने तळाला जोर लावला. ट्रेलरच तेवढा करकरला.

"रुतलाय का?" जानकूने विचारलं.

"रुतायला काय झालं. खाली मुरूम हाय," सावळेराम म्हणाला आणि आणखी एकदा जोर लावला.

अंजना सीटवरूनच बघत होती. "अवो, मागचा पट्टा सोडला का?"

सावळेरामने वाकून पाहिलं. होडी ट्रेलरला बांधायचा पट्टा तसाच ताणलेला होता. एवढी वर्षं तो धक्क्यावरून तयार बोटीत पाय टाकत आला होता. बोट जमिनीवरून पाण्यात सोडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने पट्टा सोडला, होडीच्या नाकाला अडकवलेल्या दोराचा आकडा काढला, आणि होडी अगदी सहज, कुणी न ढकलताच, मागे सरकून पाण्यावर बसली.

जानकू उठून उभा राहिला. अंजनाने ट्रॅक्टर वर घेतला, बंद केला आणि खाली उतरली.

"बसती का?" त्याने पाण्यातून विचारलं.

"आधी तुमी या फिरून. मी हाय हितं."

इंजिन लागलं. होडी वळली तेव्हा त्याचा चेहरा तिला दिसला. त्याची पाठ ताठ झाली होती, मान थोडी वर गेली होती. एक हात सुकाणूवर, दुसरा मोकळा. हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तिच्याकडे यायचा तो एसटीतून उतरलेला, खांदे पडलेला, झोप राहिलेला असायचा. तिने पदर डोक्यावर घेतला आणि उन्हाला हात आडवा धरून बघत राहिली.

"झ्याक चालवत्यात," जानकू म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

होडी लहान होत गेली. पाण्याच्या मधोमध पोचल्यावर इंजिनचा आवाज थांबला. अंजना दोन पावलं पुढे गेली. होडी उभी होती, माणूस तिच्यात बसलेला दिसत होता. वारा पडलेला होता. तो बराच वेळ तसाच बसला होता. शेवटी जानकू म्हणाला, "बिघडलं का काय? माझी होडी नेऊ का?"

"नगा," अंजना म्हणाली. "चालू करत्याल त्ये."

तिचं म्हणणं खरं ठरलं. इंजिन पुन्हा लागलं आणि होडी मोठी होत काठाकडे आली.

तिने ट्रेलर परत पाण्यात उतरवला, या वेळी पहिल्याच झटक्यात सरळ. पण होडी चढवणं उतरवण्याइतकं सोपं नव्हतं. पहिल्यांदा ती तिरपी आली आणि एका बाजूला कलली. सावळेरामने ती मागे ढकलली. दुसऱ्यांदा तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडीला धरून उभा राहिला, आणि जानकूने ट्रेलरच्या टोकाचं हँडल फिरवून दोर गुंडाळला. होडी ट्रेलरच्या रबरी रुळांवरून किरकिरत वर आली आणि मधोमध बसली. अंजनाने सगळंच ओढून कोरड्यावर आणलं. होडीच्या पोटाखालून पाणी गळत राहिलं.

"जमलं की राव," जानकू म्हणाला आणि आपल्या जाळ्याकडे निघून गेला.

सावळेराम भिजलेल्या विजारीनेच ट्रेलरपाशी बसला आणि होडी बांधायला लागला. अंजना त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"कसं वाटलं?"

"ब्येस हाय. इंजिन चांगलं हाय."

"आन पाणी?"

त्याने दोर आवळला. "पाणी काय, चांगलंच हाय. गोडं हाय." मग दोराकडेच बघत तो म्हणाला, "मधी जाऊन इंजिन बंद केलं. म्हटलं, बघावं कुठं न्हेतंय. कुठंच न्हेलं न्हाई. जिथं व्हतो तिथंच राह्यलो."

अंजनाने होडीच्या कडेवर हात ठेवला. रंग अजून नवा होता, हाताला गुळगुळीत लागत होता.

"रोज येत जाऊ," तो घाईने म्हणाला. "पावणं आलं की फिरवू. शिवनेरी बघायला येत्यात माणसं, त्यांना सांगू. लागंल सवय."

"व्हय," ती म्हणाली.

पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग साधं काहीतरी विचारावं तसं तिने विचारलं,

"मांडव्याला खोली मिळती का?"

"कुणाला?"

"दोघांला."

सावळेरामचा हात थांबला. त्याने वर पाहिलं, पण ती म्हशींकडेच बघत होती.

"आन रान?"

"सुदर्शन हाय, सूनबाई हाय. कांदा काय माझ्याच हातानं येतो व्हय."

"तुला करमायचं न्हाई तिथं."

"तुमाला हितं करमतंय का?"

ती ट्रॅक्टरवर चढली, पण तिने चावी फिरवली नाही. खाली सावळेरामने बांधलेली गाठ सोडली. गाठ चांगली बसली होती. दोराचं टोक हातात घेऊन त्याने ती नव्याने बांधायला घेतली, मांडव्याच्या धक्क्याला लाँच बांधायचा तशी.