खालची दोरी

मित्रांनो, तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. केरबा गवंडी अंगणात बसून चिंचेच्या चोथ्याने मला घासत होते. त्यांची मुलगी तेजस्वी उंबऱ्याशी बसून बारावीच्या उत्तरपत्रिका तपासत होती. मी केरबांचा ओळंबा. पितळेचा, मुठीत मावेल एवढा, खाली टोकदार आणि डोक्यात दोरी ओवलेला. भिंत सरळ उभी आहे का, हे पाहण्यासाठी गवंडी मला दोरीने खाली सोडतात. मी हलायचा थांबलो की भिंतीचा निकाल लागतो.

"तेजे," केरबा म्हणाले, "ह्यो खाली ओढला जातोय, ते कशानं? मला अजून कळलं न्हाय बघ."

तिने मान वर केली नाही. "किती वेळा सांगू, आण्णा? गुरुत्वाकर्षणानं."

"ते नाव झालं. कशानं, ते इचारतोय मी."

"त्याला गणित लागतं. तुम्हाला नाही कळायचं."

केरबांनी मला फडक्याने पुसले, पिशवीत ठेवले आणि जेवायला किती वेळ आहे ते विचारले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचे बांधकाम चालू होते. साडेअकराच्या सुमारास केरबा बांबूंच्या परांचीवरून उतरले, सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि जोडीदार बाळासोला म्हणाले, "जरा पाणी आण रं." पाणी येईपर्यंत सगळे संपले होते. मी वर भिंतीला लटकत होतो. त्या धावपळीत मला कोणी उतरवले नाही. ते २००४ साल होते.

माझा जन्म त्याच्या चौदा वर्षे आधीचा. उद्यमनगरातल्या एका लेथवर, पंपाच्या मोडक्या पितळी भागातून एका टर्नरने मला कातून काढले. केरबांनी मला बोटावर तोलून पाहिले आणि त्याच दिवशी कामाला लावले. आम्ही घरे बांधली, शाळेच्या खोल्या बांधल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या. ठेकेदार गणपतराव नव्या इंजिनिअरला सांगायचे, "केरबाच्या भिंतीला पुन्हा ओळंबा लावायचा नाही, वेळ जातो." तेव्हा मला माझाच अभिमान वाटायचा.

तेजस्वी आठवीत असताना एका संध्याकाळी पुस्तक घेऊन बापाजवळ आली. पृथ्वी सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढते, असे तिने वाचून दाखवले. केरबांनी मला हवेत धरले.

"वरची दोरी माझ्या हातात हाय. खालची दाखव की."

तिने माझ्या टोकाखाली हात फिरवला. तिथे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत विचारले आणि एक सूत्र पाठ करून आली. सूत्र बरोबर होते. खालची दोरी मात्र तशीच राहिली.

अकरावीच्या सुट्टीत ती कामावर डबा घेऊन यायची. एकदा तिने सांगितले की विश्व बहुधा अनंत असावे. बाळासोला ते मुळीच पटले नाही.

"असं कसं? शेवटाला भिंत असणारच की."

"असंल," केरबा म्हणाले. "पर तिला पलीकडनं गिलावा करायला परांची कुठं उभी करायची?"

बाळासोने घास हातातच ठेवला. "मिस्त्री, त्यो ठेका तुम्ही घेऊ नका. मी येत न्हाय."

तिघेही हसले. या प्रश्नांवर तेजस्वी हसलेली मी शेवटची पाहिली ती तेव्हाच.

पुढे ती विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकू लागली. एकदा आपणहून तिने केरबांना एक गंमत सांगितली. सगळे ओळंबे पृथ्वीच्या मध्याकडे बघतात, म्हणून दोन ओळंबे कधीच अगदी समांतर नसतात. दोन सरळ भिंती वर जाताना एकमेकींपासून किंचित लांब जातात. दोन दिवसांनी शंभर फूट रुंदीच्या एका शेडमध्ये केरबांनी बाळासोला समोरच्या परांचीवर चढवले, टेप ताणली आणि खाली-वर माप घेतले. वरचे माप दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त भरले. मित्रांनो, माणूस इतका आनंदलेला मी क्वचितच पाहिला. घरी येऊन त्यांनी चप्पलही काढली नाही.

"दोन सूत, तेजे! तू म्हणालीस तसंच!"

तिने कागदावर हिशेब केला. "आण्णा, फरक केसाच्या जाडीहूनही कमी यायला पाहिजे. वर आधार नव्हता, टेप लोंबली असणार. माप चुकलंय तुमचं."

"तीस वर्सं मापं घेतोय मी."

"मग तीस वर्षं चुकलं असेल."

तिचा हिशेब बरोबर होता. पण मी पिशवीत चडफडत होतो. अरे, टेप लोंबली ती कशाने? मला खाली ओढणारे तेच टेपलाही ओढत होते. या माणसाने त्याला पकडायला शंभर फूट टेप लावली आणि ते येऊन टेपवरच बसले. यावर बापलेकीला रात्रभर बोलता आले असते. मला तोंड नव्हते आणि त्या दोघांनी आपापली मिटून घेतली. पुढचे दोन महिने केरबांनी तिला काही विचारले नाही. मग पुन्हा विचारू लागले, पण आधी तिचा चेहरा बघून.

आणि मला तोंड असते तरी मी काय सांगणार होतो? मला ओढले जाते, एवढेच मला कळते. कोण ओढते, ते मलाही दिसलेले नाही.

केरबा गेल्यावर चार दिवसांनी बाळासोने मला भिंतीवरून सोडवले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याने मला केरबांच्या फोटोशेजारी मेणबत्तीपाशी ठेवले. बुद्धवंदना झाली. मग एकेक जण उठून केरबांविषयी दोन शब्द बोलू लागला. गणपतराव भिंतींविषयी बोलले.

मित्रांनो, आम्हा अवजारांचे फारसे काही मागणे नसते. अधूनमधून चिंच लावा, दोरी कुजली तर बदला, की आम्ही वर्षानुवर्षे चालतो. माणसे तशी थांबून राहत नाहीत. तुमच्या घरातही तुमच्याहून कमी शिकायला मिळालेले कोणी असेल. त्यांनी काही विचारले तर हातातल्या कागदांवरून मान वर करा. उत्तर येत नसेल तर तेवढे तरी सांगा.

शेवटी तेजस्वी उठली. वडिलांनी आपल्याला कसे शिकवले ते ती सांगेल, असे सगळ्यांना वाटले. तिनेही तसा कागद लिहून आणला होता. तिने तो उघडला, पहिली ओळ वाचली आणि कागद मिटला. लोकांकडे पाठ करून ती फोटोकडे वळली.

"आण्णा, तुम्ही इचारत हुता ते मला ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "आठवीत न्हवतं, परवाच्या रविवारी बी न्हवतं. लाज वाटायची, म्हणून तुमच्यावर चिडत हुतो."