गाजरांसाठी वाळू

तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. एरवी ती सगळ्यांची भिंगरी. एका जागी स्वस्थ बसलेली दिसली तर ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघावा, अशी नऊ वर्षांची मुलगी. तिचे वडील सिटी बस चालवायचे आणि त्यांच्या सकाळच्या फेरीचा शेवटचा थांबा शाळेच्या फाटकासमोरच होता. त्यामुळे भिंगरी बापाच्याच बसने शाळेत यायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीची जागा तिची आणि तिच्या शेजारची बागेच्या बाईंची.

बाई खरं तर विज्ञान शिकवायच्या. पण शाळेमागे मोडकी बाकं टाकायच्या जागेत त्यांनी मुलांकडून वाफे करून घेतले, आणि तेव्हापासून मुख्याध्यापिकांपासून शिपायापर्यंत सगळेच त्यांना बागेच्या बाई म्हणायला लागले. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. वहिनी चेष्टेखोर. "वन्सं, तुमच्या नखांतली माती जमवली तर एक कुंडी भरेल," असं म्हणत ती रोज त्यांच्यासमोर साबण आपटायची.

एका सकाळी बसमध्ये भिंगरी बाईंच्या कानाशी लागली, पण आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा. "बाई, आपल्या गाजरांना पाय फुटलेत. एकाला तर तीन!"

"बरंच झालं की," आरशात बघत तिचे वडील म्हणाले. "चालत येतील घरी. पिशवी नको आणि काही नको."

बस हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी तिला समजावलं की शाळेची माती चिकट आहे, गाजराला सरळ खाली जाता येत नाही, ते अडलं की फाटे फुटतात. मातीत वाळू मिसळायला हवी.

वाळू मैदानाच्या भिंतीजवळ पडली होती, पोत्यांत भरलेली. शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी समारंभांना भाड्याने जायचं, म्हणून फुटबॉलचे लोखंडी गोल जमिनीत पक्के करायला परवानगी नव्हती. ते उचलून बाजूला ठेवता यायला हवेत, असा नियम. खेळाचे सर मग गोलच्या मागच्या दांडीवर वाळूची पोती टाकायचे, म्हणजे गोल पुढे कलंडत नसे. मागच्या समारंभाच्या वेळी कामगारांनी गोल हलवला, पोती भिंतीशी फेकली आणि गोल तेवढा जागेवर आणून ठेवला. हे सगळं बाईंना नंतर कळलं. तेव्हा त्यांना दिसली ती गवतात लोळणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली पोती.

त्यांनी विचारलंही. मैदानाच्या या टोकावरून ओरडून विचारलं, "सर, ही पोती घेऊ का बागेला?" सर पलीकडे मुलांचा सामना घेत होते, तोंडात शिट्टी. त्यांनी हात वर केला. बाईंना वाटलं, घ्या म्हणाले.

पोती ओढायला बागेची सगळी पलटण धावली. भिंगरीने सगळ्यांत मोठं पोतं निवडलं आणि त्याला मिठी मारून उलटी चालत, पडत, उठत, कुणालाही हात लावू न देता वाफ्यापर्यंत नेलं. मुलांनी पोती फाडून वाळू मातीत कालवली. कालवली त्यापेक्षा एकमेकांच्या बुटांत जास्त भरली. बाईंनी त्या दिवशी कुणाला रागावलं नाही.

गाजरं उगवून आली तेव्हाची गोष्ट. दोऱ्यासारखी बारीक पानं होती. मधल्या सुट्टीत बाई दोन मुलींना घेऊन दाट उगवलेली रोपं विरळ करत होत्या, तेवढ्यात मैदानाकडून लोखंडी पलंग आदळावा तसा आवाज आला. त्यानंतर काहीच ऐकू येईना. मधल्या सुट्टीत शाळा कधी एवढी गप्प नसते. बाई तशाच, मातीच्या हातांनी धावल्या.

मुलं गोलच्या आडव्या दांडीला पाळीपाळीने लटकून झोके घेत होती. भिंगरीच्या पाळीला गोल पुढे आला. ती पाठीवर पडली आणि दांडी तिच्यावर. बाई पोचल्या तेव्हा सर आणि शिपाई गोल उचलत होते. सर वेड्यासारखे इकडेतिकडे बघत एकच विचारत होते, "पोती कुठे गेली? अरे, पोती कुठे गेली इथली?"

मुलांनी बाईंकडे बघितलं. तेव्हा बाईंना कळलं.

भिंगरीच्या वडिलांना फोन गेला तेव्हा ते भरलेली बस घेऊन शहराच्या मध्यावर होते. मुलीला लागलंय, दवाखान्यात या, एवढंच कळवलं. त्यांनी फोन खिशात टाकला, आणि पुढच्या चौकात बस उजवीकडे घ्यायची ती डावीकडे घेतली. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने कारण विचारलं, त्यांनी सांगितलं, तिने मागे सांगितलं. माझा थांबा चुकला, असं एकाही माणसाने म्हटलं नाही. ती बस दवाखान्याच्या दारात तिरपी उभी राहिली आणि ते आत पळाले तरी लोक बराच वेळ आपापल्या जागी बसून होते.

भिंगरी त्याच संध्याकाळी गेली. शुद्धीवर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग नका बोलू. गोल पोत्यांवर उभा असतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"कुणी सांगितलं होतं?"

"नाही. पण मीच नेली ना ती. माझ्या वाफ्यात आहे ती वाळू."

"बाई," मुख्याध्यापिका खाली बसत म्हणाल्या, "मला झोप लागलेली नाही. तुम्हालाही नसेल. आणखी एक माणूस या खड्ड्यात पडून ती मुलगी परत येणार आहे का?"

बाईंनी ऐकलं नाही. चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांच्यासमोर त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांच्यातला एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाला, "वाळूची पोती ही काही सोय नव्हे. आज तुम्ही नेली, उद्या कुत्र्याने फाडली असती. गोल पक्का नव्हता, हा मुद्दा आहे. मैदान कोणाच्या ताब्यात?"

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. गोल पक्के करू द्या म्हणून सरांनी किती वेळा मागणी केली होती, हे मुख्याध्यापिकांना माहीत होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. सरही काही बोलले नाहीत. महिन्याच्या आत त्यांना काढून टाकलं. मैदानाला कुलूप लागलं, आणि त्याबरोबर, कुणी न सांगताच, बागेलाही. बाईंना कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की कुणीतरी उठून त्यांना खुर्ची द्यायचं.

त्या सरांच्या घरी गेल्या. सर दारातच बोलले. दाढी वाढलेली.

"मी हात वर केला होता तो मुलांना, थांबा म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही काही विचारताय हे मला ऐकूच आलं नव्हतं." मग म्हणाले, "पण ऐकू आलं असतं तर नाही म्हणालो असतो, हे तरी छातीठोकपणे कसं सांगू? घाईत होतो. बाई, मी रोज सकाळी गोल हलवून बघायचो. समारंभानंतर बघायचा राहिला. मग राहूनच गेला."

"मी सांगितलं त्यांना, सर. सगळं सांगितलं."

"माहीत आहे. त्याने काय झालं?"

 घरी वहिनी आता चेष्टा करत नसे. हळू आवाजात जेवायला हाक मारायची, ताटात न मागता वाढायची. बाईंना तेच सहन होईना.

त्यांनी त्या बसचा रस्ताच सोडला. उलट्या दिशेने जाऊन, दोन बस बदलून त्या शाळेत पोचायच्या. पण भिंगरीचे वडील पुन्हा त्याच मार्गावर कामावर येऊ लागले असं कळलं, तेव्हा एका सकाळी त्या आपल्या जुन्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बस आली. त्या चढल्या, आणि मागे, अगदी मागे जाऊन बसल्या. पहिल्या सीटवर कुणीतरी पेपर वाचत होतं.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. बाई पुढे आल्या.

"दादा, मला काही सांगायचंय. ती पोती..."

"माहीत आहे."

त्यांनी इंजिन बंद केलं. नजर समोरच्या काचेवर.

"पोती नेलीत त्याच संध्याकाळी घरी येऊन दंड दाखवत होती. बाईंसाठी वाळू ओढली म्हणाली, सगळ्यांत मोठं पोतं माझं. मी म्हटलं, वा रे पैलवान. बूट मीच झटकले तिचे. कुठली वाळू, असं विचारलं नाही. विचारून तरी मला काय कळणार होतं?"

"चूक माझी आहे, दादा."

"असेल."

त्यांनी शिव्या घालाव्यात, अंगावर यावं, निदान मान वळवून बघावं, असं बाईंना वाटत होतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"तिच्या आईला यातलं काही माहीत नाही," ते म्हणाले. "तिला वाटतं, सरांनी केलं. सकाळ झाली की त्यांच्या नावाने बोटं मोडते, आणि त्या रागावर उठते, कामाला जाते, दोन घास खाते. तिला काही सांगू नका."

"पण सरांचा यात काय..."

"सांगू नका म्हटलं ना!" आवाज रिकाम्या बसमध्ये घुमला. मग खाली आला. "तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल. तिने कुणावर रागवायचं मग? तुमच्यावर? पोरगी उठता बसता बाई म्हणतात, बाई म्हणतात, करायची. ते पण काढून घेता का तिच्याकडून?"

त्यांनी इंजिन चालू केलं.

"उतरा आता. मला बस वळवायचीय."

काही दिवसांनी भिंगरीची आई शाळेत आली. दवाखान्याच्या धुलाई विभागात काम करायची, हात सोड्याने पांढरे पडलेले. वर्गात राहिलेला स्वेटर आणि चित्रांची वही न्यायला आली होती. बाईंनी त्या वस्तू हातात दिल्या, तशी तिने त्या बाकावर ठेवून दिल्या आणि बाईंच्या गळ्यात पडली. "घरी येत जा, बाई," ती म्हणाली. "तिच्याबद्दल बोलायला कुणी नाही हो मला. हे तर तोंड उघडत नाहीत."

बाई रविवारी जाऊ लागल्या. नाही म्हणणं जमलं नाही. दार वाजलं की भिंगरीचे वडील चप्पल घालून बाहेर पडायचे. आई बोलत राहायची. भिंगरी दात पडला की कुठे लपवायची, रुसली की कपाटात कशी बसायची, आणि बोलता बोलता गाडी सरांवर यायची. त्याचं वाटोळं होईल, तो सुखाने मरायचा नाही. बाई खाली मान घालून ऐकायच्या.

एका रविवारी ती साडी बदलून तयारच बसली होती. "चला माझ्याबरोबर. त्याला समोरासमोर विचारायचंय. तुम्ही असलात की खोटं बोलता येणार नाही त्याला."

बाईंनी उन्हाचं कारण सांगितलं, बरं नाही म्हणून पाहिलं. ती ऐकेना. दोघी बसने गेल्या. अर्धं शहर ओलांडेपर्यंत आई हलक्या आवाजात, काय काय विचारायचं ते घोकत होती.

सरांच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, "ते गेले की घर सोडून. शाळेच्या त्या भानगडीनंतर कुठे काम मिळेना. पत्ता कुणाला दिलेला नाही."

आईने कुलूप हातात धरून बघितलं. मग ती जिन्यावर बसली आणि रडू लागली. सरांना एकही शिवी न देता ती नुसती "आता मी कुणाला विचारू?" म्हणत राहिली. बाई तिच्या शेजारी बसल्या. त्या वेळी सांगता आलं असतं. जिन्यात दोघींशिवाय कुणी नव्हतं. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा, पण डोळ्यांसमोर भिंगरीच्या वडिलांचा चेहरा आला, आणि त्या "चला, बस चुकेल" एवढंच बोलल्या.

परतताना बसायला जागा मिळाली. आई वाटेत बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिला जाग येऊ नये म्हणून बाई आपल्या थांब्यावर उतरल्या नाहीत.