भट्टी निवण्यापूर्वी

पाशेदूची मुलगी इपू भट्टी पेटवल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, भट्टी उघडण्याआधीच गेली. पण ती गेलेली नाही असंच आपण धरून चालू. पाशेदूही तसंच धरून चालला होता आणि भट्टीवरच्या आम्हा सगळ्यांना त्यात सामील व्हावं लागलं.

इपूला ताप चढला होता. ताप चढवतात ते खोडसाळ मेलेले, आणि त्यांची तक्रार ओळखीच्या मेलेल्याकडेच करायची असते. म्हणून पाशेदूने वर्षापूर्वी वारलेल्या बायकोला, वेबखेतला, पत्र घातलं. रीतीप्रमाणे मातीच्या वाडग्यात मजकूर, त्यावर भाकरी. मेलेलं माणूस जेवता जेवता वाचतं. वेबखेतने काहीच केलं नाही.

"मातीचं भांडं बघून तोंड फिरवलं असणार," पाशेदू म्हणाला. जन्मभर त्याने देवळासाठी निळ्या झिलईचे वाडगे घडवले, तिने त्यासाठी वाळू कुटली आणि त्याच धुळीने खोकून खोकून मेली. घरात निळा वाडगा मात्र कधी आला नाही. त्यावरून तिचा अबोला होता. मेल्यावर माणूस समजूतदार होतं असं आमच्याकडे कुणी मानत नाही.

मग त्याने देवळासाठीचा एक कच्चा वाडगा उचलला. झिलईवर शाई ठरत नाही, भाजण्याआधीच काळ्या रंगात लिहावं लागतं. केन्ना लेखनिकाने दोन मासे आणि एका कमळाच्या मधे मजकूर बसवला. भट्टी एक दिवस पेटती ठेवली, मग निवायला सोडली. पाशेदू दर घटकेला झाकणाला हात लावून बघायचा. लवकर उघडलीस तर तडकेल, असं आम्हीच त्याला सांगत होतो.

वाडगा निघाला तो देवळातही नसेल असा. केन्नाने वाचून पाहिला आणि खाकरला.

"पाशेदू, मजकूर शिळा झाला रे. मातीचा एखादा आण, दुसरा लिहून देतो."

"यातलं पुसता येतं?"

"नाही."

"हजार वर्षांनी?"

"तेव्हाही नाही."

"मग तिला ताप आहेच अजून," पाशेदू म्हणाला. "ताप जिवंत माणसालाच असतो, केन्नाभाऊ."

पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत राहा, असं बजावून तो वाडगा आणि भाकरी घेऊन थडग्यांची टेकडी चढला. आम्ही पट्टी बदलली. वाडग्यात लिहिलं होतं:

'वेबखेत हिस. आपली मुलगी इपू तापाने आजारी आहे. तरी आपण तिकडील न्यायसभेपुढे जातीने उभे राहून संबंधितांवर तक्रार गुदरावी आणि भट्टी निवण्यापूर्वी मुलीस बरे करावे, ही विनंती.'