समोरचा गडी

पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाचा रविवार गुरुवारी येतो. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कधीकाळी कुणीतरी सुट्टीचे वार वाटून दिले, आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो तसाच चिकटून राहिला. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. गुरुवारी बँका उघड्या असतात, दवाखान्यात गर्दी कमी असते आणि रविवारी लग्न निघालंच तर रजा टाकता येते. धम्मरत्नला मात्र फार वाटायचं, कारण तो जो खेळ खेळायचा तो बाकी सगळे रविवारी खेळत होते.

खेळ पत्त्यांचा. पण पत्ते म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका, ते काम त्याच्या आईने, गिरजाबाईंनी, आधीच करून ठेवलं आहे. ही रमी नाही. या खेळाचं नाव एम्बरवाइल्ड. यात प्रत्येकाचा स्वतःचा साठ पानांचा डेक असतो, एकेक पान शोधून, बदलून, वर्षानुवर्षं जमवलेला. पानांवर ड्रॅगन, चेटकिणी, दलदली, किल्ले. प्रत्येक पानाचा वेगळा कायदा. तुमचा ड्रॅगन माझा किल्ला जाळतो, माझी चेटकीण तुमच्या ड्रॅगनला झोपवते, आणि हे तासभर चालतं. बत्तीस वर्षांच्या माणसाने असले खेळ खेळावेत का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी क्रिकेट बघत घालवलेले तास आधी मोजावेत. अडचण वयाची नव्हतीच. या खेळाला दोन माणसं लागतात, आणि धम्मरत्नकडे एकच होतं, तो स्वतः.

तो चाकणला, ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीला होता. पलीकडच्या ट्रेमधला भाग डाव्या हाताने उचलायचा, मापाचं गेज लावायचं, बसलं तर उजवीकडे सारायचा, नाही बसलं तर लाल पेटीत. एका शिफ्टमध्ये हजार-बाराशे वेळा. कानांत प्लग असल्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनीच्या बसमध्ये सगळे झोपलेले. नेहरूनगरला घरी आला की आई मालिका बघत जेवण वाढायची. दिवसातून त्याची चाळीसेक वाक्यं होत असतील, त्यातली निम्मी ‘हो’ आणि ‘चालेल’.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी शेजारच्या टेबलावर सिद्धेश होता. हा खेळ त्यानेच आणला. सुट्टीचा वारही एकच, त्यामुळे चार वर्षं एक गुरुवार चुकला नाही. दोघं ताथवड्याला निरंजनच्या खेळांच्या दुकानात जाऊन बसायचे, भांडायचे, खालून वडापाव आणायचे आणि पुन्हा भांडायचे. सिद्धेश आधाशी खेळायचा. हातात चांगलं पान आलं की त्याला दम धरवत नसे, आणि तरीही बहुतेक वेळा तोच जिंकायचा. मग त्याला होसूरला चांगली नोकरी लागली. जाताना त्याने हिरव्या कव्हरांमधला आपला डेक धम्मरत्नच्या हातात ठेवला. "ठेव राव तुझ्याकडे. आलो की खेळू."

तो आला एकदाच, दिवाळीत. बायको आणि बाळ बरोबर होतं. एका हॉटेलात वीस मिनिटं भेट झाली. हिरवा डेक धम्मरत्नच्या बॅगेत होता, तो बाहेर काढायची वेळच आली नाही. सिद्धेश गेला त्याला आता दोन वर्षं होत आली.

पण गुरुवार काही यायचा थांबत नाही. धम्मरत्न दर गुरुवारी दुपारी ताथवड्याला जायचाच. दुकान झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. निरंजन कोपऱ्यात मान खाली घालून ऑनलाइन ऑर्डरींचे खोके चिकटवत असायचा. आठवडाभरातला हाच एक दिवस त्याला त्यासाठी मिळायचा, त्यामुळे तो खेळायला बसत नसे. भिंतीवर मागच्या रविवारचे निकाल टाचलेले असायचे. धम्मरत्न ते आधी बारकाईने वाचायचा. कोण कुणाशी हरलं, कुणाचा कितवा नंबर आला, कुणी दोन आठवडे आलं नाही. चोवीस-पंचवीस नावं त्याला पाठ होती. त्यातल्या एकाचाही चेहरा त्याने पाहिलेला नव्हता.

मग तो खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. आपला निळा डेक आपल्यासमोर, सिद्धेशचा हिरवा पलीकडे. दोन्ही पिसायचे, दोन्हीकडे सात-सात पानं वाटायची. उजव्या हाताने आपला डाव खेळायचा, मग डावा हात पलीकडे नेऊन हिरव्या डेकचं वरचं पान ओढायचं आणि सिद्धेशसारखं आधाशी खेळायचं. पलीकडच्या हातात काय आहे ते त्याला माहीत असायचं, तरी माहीत नसल्याचं सोंग तो इमानदारीने करायचा. आणि जिंकू द्यायचा तो हिरव्यालाच. निरंजन हे बघायचा आणि पुन्हा खोक्यांकडे वळायचा. खरं सांगायचं तर ते बघवत नसे.

चैत्रात दुकानात मोठी स्पर्धा जाहीर झाली. अर्थात रविवारी. बक्षीस वगैरे होतं, पण धम्मरत्नला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला समोर एक माणूस हवा होता. ज्याच्या हातातली पानं आपल्याला ठाऊक नाहीत असा, श्वास घेणारा, चुकणारा माणूस. त्यासाठी त्याने एका गुरुवारी कंपनीत जाऊन दिवसभर गोदामातला माल मोजला आणि बदल्यात रविवारचा सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, घेतला. सी-ऑफचा अर्ज भरताना सुपरवायझर उद्धवरावांनी विचारलं, "काय रे, मुलगी बघायला चाललायस का?"

"तसंच समजा," धम्मरत्न म्हणाला.

गिरजाबाईंना मात्र त्याने खरं सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट पुढे केला. "पत्त्यालाच चाललास न्हवं? मग जरा माणसात गेल्यावानी तरी जा."

रविवारी जिना चढतानाच त्याला आवाज ऐकू आला. वर खुर्चीला खुर्ची लागलेली, पोरापोरींचा नुसता कालवा. भिंतीवरची नावं आता हसत होती, खोकत होती, चिप्स खात होती. धम्मरत्नला एकदम भरून आलं. त्याला प्रत्येकाला सांगावंसं वाटलं, की तू फेब्रुवारीत दोनदा पहिला आलास, मला माहीत आहे. तो नुसता खुर्च्यांमधून वाट काढत राहिला. निरंजनने त्याला पाहिलं आणि तोंडभर हसून म्हणाला, "आलास भाऊ! सात नंबरचं टेबल."

सात नंबरला दीक्षा होती. जवळच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली, चष्मा डोक्यावर चढवून बसणारी. तिने आपला डेक पुढे ठेवला. कव्हरं हिरवी होती.

"पिसता का, दादा?" ती म्हणाली. रिवाजच असतो तसा. समोरच्याचा डेक आपण एकदा पिसून द्यायचा. धम्मरत्नने पिसून दिला.

पहिली दहा मिनिटं त्याच्या आयुष्यातली फार चांगली दहा मिनिटं होती. दीक्षा विचार करताना ओठ चावायची. एकदा तिने पान खाली ठेवलं आणि लगेच "अरे देवा" म्हणाली, तेव्हा तो मोठ्याने हसला. आपलं हसू त्यालाच अनोळखी वाटलं. तिने त्याचा एक किल्ला जाळला, त्याने तिच्या दोन चेटकिणी परत पाठवल्या. ती म्हणाली, "तुम्ही भारी खेळता. कधी दिसला नाहीत इकडे?" तो म्हणाला, "असतो मी. गुरुवारी." डाव त्याच्या बाजूने झुकत चालला होता. त्याच्या मनावरचं दडपण पार उतरलं. खिडकीतून ऊन येत होतं, समोर हिरवा डेक होता, आणि तो दोन वर्षांत बसला नव्हता इतका निवांत बसला होता.

त्याने आपला ड्रॅगन खाली ठेवला, खेळी संपवली, आणि त्याचा डावा हात सरळ पलीकडे गेला. दीक्षाच्या डेकचं वरचं पान त्याने ओढलं, उलटवलं, पाहिलं आणि नीट तिच्या बाजूच्या टेबलावर ठेवून दिलं. तिने कसं खेळायचं याचा विचारसुद्धा तो करू लागला होता.

मग त्याच्या लक्षात आलं, की दीक्षाचा हात हवेतच थांबला आहे.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "ते माझं पान आहे."

शेजारच्या दोन्ही टेबलांवरच्या माना वळल्या. निरंजन पंच होता, तो आला. दुसऱ्याच्या डेकमधलं पान ओढून पाहणं म्हणजे डाव गेला, यात दुसरं काही होऊच शकत नव्हतं. दीक्षा म्हणाली, "राहू द्या ना सर, चुकून झालं." निरंजनने धम्मरत्नकडे पाहिलं. ती चूक कशी झाली हे त्या खोलीत धम्मरत्नखेरीज फक्त निरंजनलाच ठाऊक होतं. "नियम आहे," तो कसाबसा म्हणाला आणि कागदावर खूण करून चटकन वळला. मागून कुणीतरी म्हणालं, "चीटिंग पण धड येत नाही काकांना." दोघं-तिघं हसले.

धम्मरत्नचे कान तापले. कंपनीत लाल पेटीत टाकलेल्या मालाला कुणी कारण विचारत नाही. दीक्षाने मात्र विचारलं. "तुमचा हात असा गेला, जसा काही तो डेक तुमचाच होता."

खोटं बोलता आलं असतं. पण तिने विचारलं होतं, आणि विचारणारं माणूस त्याला रोज भेटत नव्हतं. "गुरुवारी मी दोन्हीकडून खेळतो," तो म्हणाला. "समोर कुणी नसतं."

दीक्षाने डोक्यावरचा चष्मा काढून उगाच पुसला. "मग जिंकतं कोण?"

"समोरचा."

तिने चष्मा पुन्हा डोक्यावर चढवला. ती म्हणाली, "मी आले असते हो. पण गुरुवारी मला सहापर्यंत प्रॅक्टिकल असतं." ते खरंच असावं, तिचा चेहरा पडला होता. पुढच्या फेरीसाठी तिचं नाव पुकारलं गेलं. धम्मरत्न उरलेल्या फेऱ्या न खेळताच जिना उतरला.

घरी गिरजाबाईंनी विचारलं, "हरलास व्हय?"

"हो."

"हरंना का. कुनी भेटलं तरी का?"

 तो मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. रडायला आलं होतं, आणि नळ सुरू असला की ते कळत नाही. रात्री त्याने सिद्धेशला लिहिलं, ‘तुझा डेक परत पाठवू का?’ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं, ‘अरे अजून खेळतोस?? देऊन टाक राव कुणालातरी.’ खाली हसणारा चेहरा होता.

गुरुवारी तो नेहमीच्याच वेळी दुकानात आला. निरंजन खोका बाजूला ठेवून उभा राहिला. "भाऊ, रविवारचं..."

"बरोबर केलंस तू," धम्मरत्न म्हणाला. "टाचणी आहे का?"

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. निकालांच्या शेजारी तो टाचला. निरंजनने वाचलं. ‘गुरुवारी दुपारी तीन ते सहा. समोर बसायला कुणीही चालेल. येत नसलं तर शिकवीन. डेक नसला तर माझ्याकडे एक जास्तीचा आहे, तो घेऊन जा.’ खाली नाव आणि फोन नंबर. अक्षर तपासणीच्या तक्त्यावर काढतात तसं सुटं सुटं.

"खाली झेरॉक्सवाल्याकडे पण लावू एक," निरंजन म्हणाला. 

धम्मरत्न खिडकीजवळ बसला. दोन्ही डेक पिसले. आपल्यापुढे सात पानं वाटली, पलीकडे सात पानं वाटली. डावा हात सवयीने पुढे निघाला, तेव्हा त्याने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. चार वाजले. जिन्यावर पावलं वाजली आणि खालच्या खालीच वळली. पाच वाजले. हिरवी पानं पालथीच होती, आणि त्यांत काय आलंय हे त्याला दोन वर्षांत पहिल्यांदाच माहीत नव्हतं.