गिऱ्हाइकामार्फत

आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका एकाच सलूनमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दाढ्या करतात, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. बोलायचं झालंच तर गिऱ्हाइकामार्फत. "त्यांना सांगा, पावडर संपली." गळ्याशी वस्तरा असलेला माणूस बिचारा मान न हलवता निरोप पोचवतो, "पावडर संपली म्हणतायत." लोकांना सवय झालीये. आजी गेली तेव्हा काका परगावी होता. आप्पांनी तो पोचायची वाटसुद्धा पाहिली नाही, सगळं उरकून टाकलं. तेव्हापासून हे असं चाललंय. चूक आप्पांची, हे आप्पा सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यात लंबूसाहेब उपटले. परदेशातल्या विद्यापीठात आमचा इतिहास आणि चालीरीती शिकवणारे प्राध्यापक. दाढीला म्हणून बसले आणि आमची भाषा येत नसूनही या निरोपानिरोपीवरच भाळले. असं का, हे विचारायला थेट घरी आले. त्यांची भाषा मी क्लासमध्ये शिकवते, म्हणून दुभाषी मीच. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला, म्हणून आई पटकन म्हणाली, "थोरल्याचा मान असतो ना! धाकटा थेट बोलत नाही." तेवढ्या एका वाक्यावर या उंटावरच्या शहाण्याने पुस्तकाचं अख्खं प्रकरण लिहिलं.

काल वाचनालयाच्या सभागृहात त्याचं वाचन होतं. निघण्यापूर्वी काकाने मला बाजूला घेतलं.

"पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे माझं. आज कार्यक्रम संपला की दादाशी बोलणार आहे मी. कोण चुकलं ते जाऊ दे खड्ड्यात. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं पाहिजे गं."

मला इतका आनंद झाला की मी आईलाही सांगून टाकलं.

दोघं भाऊ पहिल्या रांगेत बसले, इस्त्रीचे शर्ट घालून, मध्ये आई. मागे सगळी गिऱ्हाइकं. साहेब वाचत होते आणि मी एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत होते. "या देशातल्या जुन्या कारागिरांमध्ये भावाचा शब्द भावाकडे पाहुण्याच्या मुखातून जातो. पाहुणा हा त्यांच्या नात्याचा साक्षीदार असतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "साक्षीदार कसला, तोंडाला फेस आलेला असतो आमच्या!" शाळेतले मास्तर ओरडले, आणि सभागृह फुटलं. लोक अक्षरशः पोट धरून हसत होते. आप्पांचे कान लालबुंद झाले. आईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना वाटलं, स्वतःची ओळख पटल्यामुळे लोक खूश झालेत. तेही हसले.

मग ते पुढे वाकून दोघा भावांना अगदी आपुलकीने म्हणाले, "ही परंपरा तुम्ही कधी मोडाल का?"

मी प्रश्न सांगितला. हसू थांबलं. काकाने मान वळवली आणि सरळ आप्पांकडे पाहिलं. त्याचे ओठ हललेसुद्धा.

आप्पांनी नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. पण इतक्या लोकांच्या हसण्यापुढे भांडणाला भांडण म्हणायची त्यांना लाज वाटली. परंपरा म्हटलं की निदान मान ताठ राहते. ते काकाकडे न बघता मला म्हणाले, "साहेबांना सांग, आमच्या घराण्याची रीत आहे ही. जीव गेला तरी मोडणार नाही."

बापाची मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. मी काहीही सांगू शकले असते; साहेबांना कुठे कळणार होतं? पण दुभाष्याचं काम म्हणून मी शब्दन् शब्द तसाच सांगितला, आणि मग स्वतःची जास्त लाज वाटली.

साहेब भारावून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मागून सगळ्यांनी वाजवल्या.

काकानेही वाजवल्या.