राणीचं माहेर

“आता दिसतंय?” कौलांवर उभ्या अमजदने अँटेना फिरवत विचारलं.

“मुंग्याच हायत,” त्याची बायको बदरुन्निसा खालून म्हणाली.

मुंग्या केव्हाच गेल्या होत्या. चित्र इतकं स्वच्छ होतं की निवेदिकेच्या कुडीतले मोती मोजता आले असते.

‘मायागड’ मालिका संपून पाच वर्षं झाली होती. आज, रविवारी सकाळी, तिच्या आधीची कथा सुरू व्हायची होती: जादूगार राणी लहानपणी कोण, कुठली. महिनाभर महाडच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. राणी तीच नटी करणार का, आणि केली तर सोळा वर्षांची म्हणून खपणार का. घोडा यंदा तरी दोरी न दिसता उडणार का. बदरुन्निसाची काळजी वेगळी होती.

मूळ मालिका चालू असताना अमजद सौदीत दम्मामला नोकरीला होता. तिथं मालिका दिसत नसे. तेव्हा पत्रांऐवजी कॅसेटी भरून पाठवायची पद्धत होती. दर रविवारी बदरुन्निसा टेपरेकॉर्डरपुढे बसून सासूचे गुडघे, पोरांची शाळा आणि ‘मायागड’चा आख्खा भाग सांगत असे. ऐन रंगात लाईट जाई. महाडची लाईट ती, राणी संकटात आहे म्हणून थोडीच थांबते. मग उरलेलं बदरुन्निसा मनाने रचायची. राणीचं सगळं बालपण तिने असंच रचलं: बाप दासगावच्या खाडीवर होडी चालवणारा, पोरगी वल्ही मारता मारता मंत्र घोकणारी. अमजदच्या कॅसेटीत दर वेळी पहिला प्रश्न तोच, नावाड्याच्या पोरीचं पुढं काय झालं? परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाला तिने दोन वर्षं खोटं ऐकवलं होतं, आणि आज तो खरं बघणार होता.

अमजद शेवटी खाली आलाच. मालिका सुरू झाली. राणी सोन्याच्या पाळण्यात जन्मली. बाप सम्राट, दारात हत्ती. अमजदने अर्धा तास जाहिरातींसकट बघितलं. मग उठून चष्मा लावला आणि कपाटातून पोस्टकार्ड काढलं.

“काय लिवताय?”

“तक्रार, टीव्हीवाल्यांना. नावाड्याची पोर, आन ह्यांनी हत्तीवर बसवलीय.”

बदरुन्निसा उंबऱ्यावरच टेकली. “अवो, नका लिवू. ते मी रचलेलं. लाईट जायची.”

“माहीत हाय.” पेन थांबलं नाही. “दम्मामला आमच्या खोलीत एकानं ‘मायागड’च्या व्हिडिओ कॅसेटी आणलेल्या. आठ जणांनी बसून दोन भाग बघितले. नावाड्याची पोर कुठंच नव्हती.”

“मग?”

“मग परत दिल्या. तुझी कॅसेट यायला चार दिस व्हते. थांबलो.”

तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. म्हणाली, “मग माहीत असून कार्ड कशाला?”

“ती नावाड्याची पोर, हे आपल्याला माहीत हाय गो. त्यांना कुठं हाय?” त्याने चष्मा वर सरकवला. “बापाचं नाव काय ठेवलं व्हतंस?”

“ठेवलंच नव्हतं.” ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली, कार्डावर वाकली. “लिवा, चांगू.”