चुकलेल्या चौकड्या

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. कुठली रेघ सरळ दिसते आणि कुठली वाकडी, हे लोकांना दिवसभर विचारायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे निळ्या-तांबड्या चौकड्यांचं एक कापड दुकानात डोळ्यांत भरलं, तेव्हा त्याचा शर्टासारखा, कॉलर आणि बटणपट्टीवाला, गुडघ्याखाली येणारा ड्रेस आपणच घरी शिवावा असं मनाने घेतलं. दुकानदार म्हणाला, "चौकड्या जुळवाव्या लागतात, ताई. थोडं कापड जास्त घ्या." रेघांचं मला सांगू नका, असं मी म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर तेच असणार. कापड जास्त घेतलं नाही.

मशीन सासूबाईंचं. त्या हल्ली थोरल्या दिरांकडे राहतात. फोन केला असता तर त्यांनी सगळं आनंदाने सांगितलं असतं, आणि नेमकं म्हणूनच मी फोन केला नाही.

मापाला नवऱ्याचा एक शर्ट घेतला. पुढचे दोन भाग वेगवेगळे कापायचा कंटाळा आला, म्हणून कापड दुमडलं आणि एकदमच कात्री चालवली. वरच्या पदरावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. खालच्या पदरासाठी डोळे उरले नव्हते, त्यामुळे तो गुपचूप सरकला. हे मला कळलं कधी, तर कॉलर, बाह्या, काजं, सगळं उरकून आरशासमोर बटणं लावली तेव्हा. डावीकडून ऐटीत निघालेली तांबडी रेघ बटणपट्टीपाशी येऊन थांबत होती आणि उजवीकडे दोन बोटं खालून पुन्हा सुरू होत होती. काजंही पुरुषांच्या शर्टासारखी डाव्या बाजूला पडली होती, पण रेघांच्या तमाशात तिकडे कुणाचं लक्ष जाण्याची भीती नव्हती.

"आई, तुझा एक खांदा वर गेलाय," लेक म्हणाली.

"लांबून कळत नाही," नवऱ्याने मला सावरून घेतलं.

"किती लांबून?"

तो विचारात पडला. "रस्त्याच्या पलीकडून," म्हणाला.

कुणीही शहाणं माणूस तिथेच टाके उसवायला बसलं असतं. मी सोमवारी तो ड्रेस घालून कामावर गेले. ड्रेस झाकला जाऊ नये म्हणून पांढरा कोट मुद्दाम घरी ठेवला. दाराशी नावं लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, "नवीन?"

"घरी शिवला."

"वाटलंच," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

सकाळी एक निवृत्त मास्तर आले. खुर्चीत बसले, माझ्याकडे पाहिलं आणि चिंतेने म्हणाले, "बाई, मला मधोमध रेघा तुटल्यासारख्या दिसतात."

ही तक्रार आमच्याकडे कुणी हसण्यावारी नेत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला काही झालं की रेघा अशाच बिघडतात. मी लगबगीने बारीक चौकटी छापलेलं कार्ड काढलं. एक डोळा झाकला. रेघा सरळ. दुसरा झाकला. त्याही सरळ.

"मग तुटलेल्या कुठे दिसतात?"

मास्तर सभ्य माणूस. त्यांनी चष्मा मिटला आणि त्याच्या काडीने, बोट न लावता, माझी बटणं दाखवली. "इथे," म्हणाले.

माझे कान तापले. ते कार्ड मी खणाच्या तळाशी सारलं आणि आता ते पुन्हा बाहेर काढायचं नाही, असा कानाला खडा लावला.

दुपारी एक काकू आल्या. एकट्याच होत्या. वाचायचा चष्मा बदलायचा होता. मी त्यांचा उजवा डोळा झाकला, तशा त्या डाव्याने माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ड्रेस छान आहे हो. कमरेखाली लाटा-लाटा ठेवल्यात, त्या शोभतात."

लाटा मी ठेवल्या नव्हत्या. म्हणजे तिथेही माती खाल्लीच आपण, असं वाटलं. "हो, हल्ली तीच फॅशन आहे," मी म्हणाले. डाव्या डोळ्याने त्या अक्षरं अडखळत वाचत होत्या. मी काचा बदलत राहिले, नंबर लिहून दिला आणि त्या गेल्या.

मग त्या लाटा तरी कशा पडल्यात ते बघायला मी आरशापाशी गेले. पुढून पाहिलं, वळून पाहिलं, कापड ओढून पाहिलं. बटणपट्टीपाशी रेघा तुटत होत्या तेवढं सोडलं, तर कमरेखाली सगळं पट्टीने आखल्यासारखं होतं. तिथे सरळ शिलाईखेरीज शिवायला काही नव्हतंच, त्यामुळे बिघडवायलाही काही मिळालं नव्हतं. लाट एकही नाही.

मी तशीच बाहेर धावले. काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या.

"काकू, जरा परत येता?"

"काय राहिलं माझं?"

"तुमचं नाही. माझं राहिलं."

खणाच्या तळातून कार्ड काढलं. उजव्या डोळ्याला रेघा सरळ दिसल्या. डाव्या डोळ्यावर आल्या तशा काकू म्हणाल्या, "हे कार्ड ओलं झालंय का? सगळं वाकलंय. आणि मधे डाग पडलाय, तेवढा पुसा." डाग कार्डावर नव्हता.

डॉक्टरबाईंनी लगेच तपासलं. पडद्याखाली पाणी साचायला लागलं होतं. वेळेवर आल्यात, इंजेक्शनं सुरू करू, नजर बरीचशी टिकेल, असं त्यांनी काकूंना समजावलं. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. त्या बाहेर गेल्यावर डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "लक्षात कसं आलं तुझ्या?"

"त्यांनी माझ्या ड्रेसचं कौतुक केलं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "मग तेव्हाच संशय यायला हवा होता," त्या म्हणाल्या.

घरी मी हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पण "हल्ली तीच फॅशन आहे" हे माझं वाक्य मला टोचत राहिलं. स्वतःच्या शिलाईबद्दल माझं मत इतकं वाईट झालं होतं की दुसऱ्याचा डोळा बिघडलाय हे सुचायच्या आधी आपलीच चूक मान्य करून मी मोकळी झाले होते. नम्रपणाही इतका बरा नव्हे.

काकू आता तपासणीला नेमाने येतात. मधला डाग फिका झाला आहे, रेघा थोड्या हलतात, पण पेपर वाचता येतो. परवा त्यांनी पिशवीतून एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"उशांचे अभ्रे शिवून द्याल? तुम्हाला येतं म्हणून म्हटलं. घाई नाही."

मी घडी उलगडली, उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. कापड पांढरंशुभ्र होतं, एकही रेघ नव्हती.

"देते की," मी म्हणाले, आणि संध्याकाळी घरी जाता जाता सासूबाईंना फोन लावला.